हळू आवाजातलं भांडण

"तुम्ही माणूस आहात की भिंत?" खिडकीपलीकडच्या माणसाने काउंटरवर थाप मारली. "आठवडा झाला नळाला थेंब नाही, आणि तुम्ही नुसतं हं हं करताय."

"तक्रार लिहून घेतली आहे," ती म्हणाली.

"लिहून काय होणार? निदान भांडा तरी माझ्याशी."

त्याला काय माहीत, तिच्या जिभेवर किती काय काय येऊन परत गेलं होतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा कारकून उठून आला. "तोफ, तू हो बाजूला. मी बघतो." त्याने तिच्या खुर्चीला हात घातलासुद्धा. ती उठली. भांडण सुरू व्हायच्या आत तिला काचेच्या बरणीसारखं उचलून ठेवायची सगळ्यांना आता सवय झाली होती.

पाणीपुरवठा कार्यालयात तोफ हे नाव तिने कमावलं होतं. तिचा फोन आला की अभियंते जेवण अर्धं टाकून उठत. मग एकदा पाइप टाकणाऱ्या ठेकेदाराशी वाद घालताना बोलता बोलता ती जमिनीवर कोसळली. अशी ती लहानपणी शर्यतीत पळतानाही पडली होती, आणि बाळंतपणानंतर एकदा जिन्यात. दर वेळी ईसीजी अगदी स्वच्छ. दर वेळी तेच ऐकायचं, मनाला लावून घेऊ नका, विश्रांती घ्या. सासूबाई तर उघडच म्हणायच्या, नाटकं आहेत. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने तिला वायरी लावून पळत्या पट्ट्यावर चालवलं, मग जोरात चालवलं, आणि पडद्याकडे बघता बघता स्वतःच घाईने यंत्र बंद केलं.

"हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं," डॉक्टरणीने सांगितलं. "त्याला प्रथिनाचं दार असतं. ठोक्याच्या वेळी दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, पेशी आकसते. मग दार मिटायचं, आणि दुसरी प्रथिनं कॅल्शियम परत आत भरून ठेवतात. तुमचं दार जन्मापासूनच नीट मिटत नाही. शांत असताना निभावतं. पण राग, भीती, पळापळ झाली की ते गळायला लागतं आणि हृदय भलत्याच वेळी ठोके देतं."

"म्हणजे वॉल्व्ह गळतोय," ती म्हणाली.

"वॉल्व्ह म्हणू नका. हृदयातले वॉल्व्ह वेगळे, ते तुमचे उत्तम आहेत."

गोळ्या सुरू झाल्या. पळायचं नाही, ओरडायचं नाही, दगदग नाही. त्याला आता तीन वर्षं होत आली. गोळ्यांनी हातपाय जड झाले, पण त्याचं एवढं नव्हतं. जीव घुसमटला तो घरच्यांमुळे. तिच्याशी कुणी भांडेना. भाजी खारट झाली तरी नवरा छान झाली म्हणायचा. बहिणीचा हात मोडला, हे तिला प्लास्टर निघाल्यावर कळलं. ती आजारी होती म्हणून नव्हे, ती घरात होती म्हणून सगळे दबक्या पावलांनी वावरत. कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळणारी लेक पूर्वी दारं आपटायची, तीही आता "बरं, आई" एवढंच म्हणायची.

संध्याकाळी घरी जाताना ती औषधांच्या दुकानात थांबली. एरवी गोळ्या नवराच आणायचा. आज म्हटलं, वाटेत आहे तर आपणच घ्याव्यात.

दुकानदार ओळखीचा. "ताई, दोघींच्या एकदमच देऊ का? साहेब तुमच्या नि मुलीच्या वेगवेगळ्या नेतात, त्यांना दोन खेपा पडतात."

"मुलीच्या?" ती म्हणाली.

"तीच गोळी. ताकद जरा कमी." मग तिच्या तोंडाकडे पाहून तो घाईने पुड्या बांधू लागला.

हा दोष मुलांतही उतरू शकतो म्हणून मध्यंतरी लेकीचं रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट यायला वेळ लागतो, नवरा सांगत होता. परीक्षा आहे म्हणून सराव बंद केलाय, लेक सांगत होती. आणि तिने दोन्ही ऐकून घेतलं होतं, मुकाट्याने. तिला धावत घरी जावंसं वाटलं. तेही जमणार नव्हतं. ती एकेक पाऊल टाकत चालत राहिली. वाटेत कुणाच्या तरी दारातल्या पायरीवर बसली, छातीतली धडधड उतरेपर्यंत. स्वतःच्या शरीराचा इतका संताप तिला आजवर आला नव्हता, आणि तो संतापसुद्धा तिला हप्त्याहप्त्याने करावा लागत होता.

नवऱ्याने दार उघडलं. तिच्या हातातल्या दोन पुड्या पाहिल्या आणि ओळखलं.

"आधी बस. पाणी देतो. शांत हो."

"मी शांतच आहे. मला मेल्यासारखं शांत करून ठेवलंय तुम्ही."

"तुला त्रास होईल म्हणूनच ना अगं."

"मग तिला कोण आहे? ती एकटीच गिळतेय सगळं, आणि मी समोर बसून तिला विचारते, अभ्यास कसा चाललाय."

लेक आतून आली, भिंतीला टेकून उभी राहिली. "बाबांना बोलू नकोस. मीच म्हटलं होतं, सांगू नका."

"का?"

"सांगून काय झालं असतं? तू पडली असतीस." तिचा आवाज चढला आणि तिने स्वतःच तो ओढून खाली आणला. इतक्या थोड्या दिवसांत तिलाही हे जमायला लागलं होतं. आई टेबलापाशी खुर्ची ओढून बसली.

"ये इथे. बैस. मला आज भांडायचंय."

"डॉक्टरांनी—"

"हळू भांडू. बसून. तू बोल, मनात काय आहे ते."

लेक टेबलापाशी बसली. मग टेबलाकडे बघत, बातम्या वाचल्यासारख्या आवाजात म्हणाली, "मला संघातून काढलं. कॅप्टन करणार होते. मला ओरडायचंय. पण ओरडले तर तुला काहीतरी होणार, आणि आता मलाही."

"अजून."

"मला तुझा राग येतो."

"अजून."

"हे तुझ्यामुळे झालं, आई."

नवरा पुढे झाला, तिने हात करून त्याला थांबवलं. "हो," ती म्हणाली. "माझ्यामुळेच. माझ्याकडूनच आलंय ते. मला माहीत नव्हतं, पण आलं माझ्याकडूनच."

एवढं खरं तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं. लागलं खूप. तरी ती खुर्चीत ताठ बसून राहिली.

लेकीने मान वर केली. "रडलेलं चालतं का गं?"

"विचारलंच नाही कधी," ती म्हणाली. "पळू नका म्हणाले, ओरडू नका म्हणाले. रडण्याचं काही बोलले नाहीत."

लेक तोंड घट्ट मिटून, श्वास मोजल्यासारखी रडू लागली. आईने खुर्ची सरकवली, तिच्या हनुवटीखाली बोट धरलं आणि म्हणाली, "अशी नको. तोंड उघडून रड."

नवऱ्याने जाऊन रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, आणि तिथेच गजाला धरून, पाठमोरा उभा राहिला.