अर्ध्या बोटाची पेनपेन्सिल

आत काहीतरी कट्कन वाजलं, तेव्हाच सेत्सुयोला कळलं की आपल्या हातून घात झाला. पेनपेन्सिलीच्या नाकात अडकलेला शिशाचा तुकडा काढायला तिने शिवणाची सुई घातली होती. सुई बाहेर आली ती त्या केसाएवढ्या नळीला वाकवूनच. घाबरून तिने पुढचं टोपण फिरवून काढलं, तर आतली स्प्रिंग उसळली आणि तांदळाच्या दाण्याएवढं पितळी कडं टुण्कन उडून फरशीवर पडलं. ते घरंगळत खाटेखालून पलीकडे गेलं आणि कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीत नाहीसं झालं.

इस्पितळाच्या खाटेवरून तिचा नवरा तोकुजी बघत होता. दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्याचं स्वरयंत्र काढलं होतं, तेव्हापासून त्याला आवाज नव्हता. त्याने डोळे मिटून घेतले, एवढंच.

"अहो, सापडेल हं," म्हणत सेत्सुयो गुडघ्यांवर बसली. नर्स इझावाही बसली. दोघींनी जाळी उचकटून पाहिली. खाली काळं पाणी वाहत होतं.

डॉक्टरांनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. वेदनेचं औषध वाढवायलाच हवं. ते वाढवलं की हे झोपेत जातील, बहुधा पुन्हा जागे होणार नाहीत. तोकुजीने मान हलवून नकार दिला होता. आधी पत्र, मग औषध. कागदावर त्याने 'चिझुरुस' एवढं लिहिलं आणि शिसं अडकलं. सबंध रात्र त्याने टॉवेल दातांत धरून काढली होती.

चिझुरु त्यांची एकुलती एक मुलगी. तिने बापाला न जुमानता लग्न केलं होतं. पहिलं मूल चार दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा तोकुजी बोलून गेला होता, "झालं ते बरंच झालं." त्याला नऊ वर्षं झाली. सेत्सुयोने नवऱ्याच्या वतीने लिहिलेली तीन पत्रं न फोडता परत आली होती. मागच्या आठवड्यात फोनवर चिझुरु म्हणाली, "आई, शब्द तुझे, मन तुझं, आणि नाव तेवढं त्यांचं. मला नको. त्यांना काही म्हणायचं असेल तर त्यांच्या हाताने लिहू दे."

आणि त्यांचा हात ही एकच पेनपेन्सिल धरू शकत होता. जहाजांचे आराखडे काढण्यात जन्म गेला होता त्याचा. तरुणपणी यंत्रात मधलं बोट अर्धं गेलं, तेव्हा त्याने या पेन्सिलीची पितळी मूठ कानशीने घासून त्या थोट्या बोटाच्या मापाची करून घेतली होती. शिवाय लिहिता लिहिता शिसं तिच्यातून आपोआप पुढे सरकायचं, मागे दाबावं लागत नसे. आता औषधांनी त्याची बोटं बधिर झाली होती. साधी पेन्सिल, शाईचं पेन, जाड खडू, सगळं देऊन झालं होतं. सगळं हातातून गळून पडत होतं.

सेत्सुयोने सुटे भाग रुमालात बांधले. "मी आलेच," ती म्हणाली. तोकुजीने डोळे उघडले नाहीत.

कामेइदोच्या बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात मुलीने रुमाल उघडून बघितला आणि हळहळली. "ही बनवणं बंद होऊन बारा वर्षं झाली, काकू. कंपनीकडेही भाग मिळत नाहीत. तातेइशीला टोफूवाल्याच्या मागच्या गल्लीत कुराओका म्हणून एक म्हातारे आहेत, ते दुरुस्त करायचे. अजून करतात की नाही, देव जाणे."

साडेदहाला ती त्या गल्लीत पोचली. शटर खाली होतं. त्यावर चिकटवलेला कागद उन्हाने पिवळा पडला होता: काम बंद केले आहे, आजवर आलात, आभारी आहोत. सेत्सुयो शटरवर दोन्ही मुठींनी धपाधप मारत सुटली. बाजूच्या दारातून ॲप्रन बांधलेली एक म्हातारी बाहेर आली.

"अहो बाई, वाचता येतं ना? काम बंद केलंय म्हटलं. यांचे डोळे गेलेत."

"माझे यजमान मरताहेत," सेत्सुयो म्हणाली आणि तिथेच सिमेंटवर गुडघे टेकून तिने कपाळ जमिनीला लावलं. "दुपारभराचं काम आहे. तुमच्या पाया पडते."

आतून खोकल्याचा आवाज आला. "हात्सुए, कोण मरतंय?"

"यांचा नवरा. पण पेन्सिल दुरुस्त करून हव्येय म्हणे."

"मग आत घे. ओट्यावर रडल्याने स्प्रिंग बसत नाही."

कुराओका ऐंशीच्या घरातला होता. समोरच्या माणसाचा चेहराच त्याला दिसत नसे, नजरेच्या कडेचं तेवढं अंधुक दिसे. त्याने रुमालातला एकेक भाग बोटांनी चाचपला. मुठीवर अंगठा फिरवला, तसा तो थांबला.

"मधलं बोट थोटं आहे का यांचं?"

"हो."

"हं. म्हणून दुसरी चालत नाही." मग त्याने नळी चाचपली आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. "सुई कुणी घातली?"

"मी."

"खून केलात की हो. तेलाच्या थेंबात रात्रभर ठेवली असती तर तुकडा आपण होऊन निसटला असता. आणि कडं?"

"मोरीत गेलं."

"छान. अजून काही करायचं राहिलंय का?"

हात्सुएने नवऱ्याच्या पाठीत चापटी मारली. "पुरे. बाईला कामाचं सांगा."

काम असं होतं. शिशाची काडी तीन पाकळ्यांच्या चिमट्यात धरली जाते, आणि ते कडं त्या पाकळ्यांना बाहेरून आवळतं. कडं नसेल तर शिसं धरलंच जात नाही. म्हणजे नवीन कडं कातावं लागणार होतं, केसाचाही फरक न पडू देता. कुराओकाकडे खिडकीपाशी धातू कातायचं एक छोटं यंत्र, लेथ, होतं, बरीच वर्षं कापडाखाली झाकलेलं.

"माझ्या बोटांना माप कळतं, पण हत्यार पितळेला कुठे टेकतं ते दिसत नाही. ते तुम्ही बघायचं. टेकलं की 'आता' म्हणायचं. लगेच. पापणी लववायलाही उसंत नाही."

पितळेची सळई फिरू लागली. सेत्सुयोने भिंग लावून डोळे ताणले. घड्याळाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी तिचे डोळे एकदा भिंतीकडे गेले. सव्वाबारा. तोकुजीच्या दातांतला टॉवेल तिला दिसला.

"आता!"

"उशीर," कुराओका म्हणाला. त्याने कडं बोटांत घेऊन दाबलं, ते टर्कन फाटलं. "कागदासारखं झालं."

"माझ्यामुळे," सेत्सुयो म्हणाली. "सकाळपासून सगळं माझ्यामुळेच. तिथे ते वेदनेने तळमळताहेत आणि मी…"

"बाई," म्हातारा प्रथमच मऊ आवाजात बोलला, "मीही पहिलं कधी धड केलं नाही. सळई लावा दुसरी."

दुसऱ्या वेळेस तिने श्वास रोखला आणि वेळेवर सांगितलं. कडं पाकळ्यांवर चपखल बसलं. दोन वाजले होते. मग नळी. कुराओकाने तिच्यात पोलादी तार सरकवली आणि ओठ मुडपून, काचेच्या पट्टीवर ती हलक्या हाताने लाटायला घेतली. वाक निघत आला, आणि शेवटी बारीकशी चीर गेली.

हात्सुए चहाचे कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आता ऐका," कुराओका म्हणाला. "चीर आहे, त्यामुळे नळी आता आत-बाहेर सरकणार नाही. म्हणजे शिसं आपोआप पुढे येणार नाही. मी कथलाचा डाग देऊन ती पक्की करतो. दर तीन-चार अक्षरांनी मागचं बटण दाबावं लागेल."

"त्यांना नाही दाबता येत."

"मग तुम्ही दाबा. आणि दाबताना पेन्सिल हलू द्यायची नाही, नाहीतर काडी मोडेल. याहून जास्त माझ्याच्यानं होणार नाही."

साडेतीनला ती निघाली. मोबदल्याचं विचारायचं तिला सुचलंही नाही. हाका मारत हात्सुए कोपऱ्यापर्यंत पळत आली, ती तिची विसरलेली छत्री द्यायला. स्टेशनवर गाडी नुकतीच सुटली होती. पुढच्या गाडीची बारा मिनिटं सेत्सुयो रुमाल छातीशी धरून फलाटावर येरझारा घालत राहिली. तोंडाने ती पुटपुटत होती, "थांबा हो. थांबा."

खोलीच्या दारातच इझावाने तिला गाठलं. रागाने तिचे कान लाल झाले होते. "काकू, कुठे होतात? एक वाजल्यापासून ते गुरासारखे तळमळताहेत. तीनदा विचारलं, देऊ का औषध? तीनदा मानेनेच नाही म्हणाले. डॉक्टर म्हणतात, आता नाही बघवत."

तोकुजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. टॉवेलला रक्त लागलं होतं. सेत्सुयोने पेन्सिल त्याच्या बोटांत ठेवली. थोटं बोट आपल्या खाचेत बसलं.

इझावाने पाठीला उशा दिल्या आणि फळी धरली. सेत्सुयोने डाव्या हाताने त्याचं मनगट सावरलं, उजव्या हाताचा अंगठा बटणावर ठेवला. तीन अक्षरं, दाब. तीन अक्षरं, दाब. तिला वाचायचं नव्हतं, पण न बघता दाबणार कसं? त्याची ती छापल्यासारखी चौकोनी अक्षरं आता वारा लागल्यासारखी कलंडत होती. दुसऱ्या ओळीत त्याने लिहिलं: सोइची. चार दिवसांच्या त्या बाळाचं नाव. नऊ वर्षांत घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. सेत्सुयोचा अंगठा थरथरला आणि काडी मोडली.

तोकुजीने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, घाई होती. तिने पुन्हा दाबलं.

मी तुझ्या मुलाबद्दल जे बोललो ते माणसाचं बोलणं नव्हतं, असं तिसऱ्या ओळीत होतं. चौथीत, माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही. पाचवी ओळ 'तरी' या शब्दाशी थांबली. त्याचा हात फळीवरून घसरला. सेत्सुयोने तो दोनदा परत ठेवून पाहिला. तिसऱ्यांदा त्याने नर्सकडे बघून पापण्या मिटल्या. हो.

पाच वाजून दहा मिनिटांनी औषध वाढवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने सेत्सुयो फुनाबाशीला गेली आणि मुलीच्या दाराच्या फटीतून तिने तो कागद आत सरकवला. बेल वाजवण्याचं धाडस झालं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. चिझुरु अनवाणीच बाहेर आली होती.

"शेवटचं वाक्य अर्धं आहे," ती म्हणाली.

"हो. हात चालेना."

"अजून आहेत?"

"श्वास आहे. जाग नाही."

चिझुरु आली. दोन दिवस ती खाटेशी बसली. बापाशी ती एक शब्दही बोलली नाही, पण खुर्ची सोडून उठलीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तोकुजी गेला, तेव्हा ती तोंड धुवायला बाहेर गेली होती. परत आली तशी दारातच थबकली.

"सोइचीचं नाव त्यांना कुणी सांगितलं?" तिने विचारलं. "मी फक्त तुला सांगितलं होतं. फोनवर."

"ते तेव्हा दाराआड उभे होते," सेत्सुयो म्हणाली. "मला वाटलं होतं, त्यांनी ऐकलंच नाही."

चिझुरुने भिंतीला हात टेकला. मग सावकाश खाली बसली, आणि इतक्या मोठ्याने रडली की शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर आली. सेत्सुयो तिच्याजवळ गेली नाही. जायला हवं होतं, पण तिचे पाय उचललेच नाहीत.