मोहाखालची राखण

आज पुन्हा मोहाखाली कोणीतरी येऊन गेलं होतं. पाला जाळलेल्या राखेत रबरी चपलेचे ठसे होते, झाडाभोवती गोल फिरलेले. सुकरीने टोपली खाली आपटली आणि त्या चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

कुरखेड्याकडच्या त्या गावात मोहाची झाडं घराघरांनी वाटून घेतलेली. हे झाड दसरूचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. मागच्या एप्रिलात इथेच दसरूला वाघाने नेलं. तेव्हापासून झाड तिचं एकटीचं.

गंमत म्हणजे फुलांची टोपली रोज पूर्वीसारखीच भरत होती. सुकरीला त्याचाही संशय आला. फुलांना हात न लावणारा चोर नक्कीच अख्ख्या झाडावर डोळा ठेवून असणार.

"चैतूच असंन तो," हापशीवर शेजारची कमळा म्हणाली. "तुले एकटी पाहून झाड दाबाले पाह्यते."

चैतूचं नाव निघालं की सुकरी अर्धी घागर उचलून चालू लागायची. मोह वेचताना माणूस वाकतो, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो. म्हणून एकाने वेचायचं, दुसऱ्याने कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं, मग पाळी बदलायची. त्या दिवशी दसरू वेचत होता आणि राखणीची पाळी त्याच्या या जिवलग मित्राची होती. वाघ मागून आला, दिसलाच नाही, असं चैतूने गावाला सांगितलं. गावाने ते मानलं. सुकरीने मानलं नाही, आणि वर्षभर त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती फटफटायच्या आतच निघाली आणि जवळच्या साजाच्या झाडाआड दबा धरून बसली. थोड्या वेळाने खरंच चैतू आला. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा. डबा वाजवत त्याने झाडाला फेरी मारली, एकेक झुडूप कुऱ्हाडीच्या दांड्याने डिवचलं. फुलांकडे ढुंकून पाहिलं नाही. मग तो मागे सरून वारुळाआड उभा राहिला.

"चैत्या! माझ्या झाडाखाली काय करून राह्यला?"

तो दचकला, पण पळाला नाही. "राखण करून राह्यलो, वयनी. तू टोपली भरून जातपर्यंत असतो इथी. रोज."

"मंग मागच्या साली काऊन नाई केली?"

चैतूने डबा खाली ठेवला. मग एकदम म्हणाला, "मी वाकलो होतो. माह्या पायापाशी फुलं पडली होती. दोन मुठी उचलतो म्हटलं. तेवढ्यातच... गावाले मी खोटं सांगितलं."

सुकरीला वाटलं, त्याच्याच कुऱ्हाडीने त्याचं डोकं फोडावं. दोन मुठी! माणूस गेला दोन मुठी फुलांपायी. ती रडली, त्याला नाही नाही ते बोलली, मेला असतास तर बरं झालं असतं म्हणाली. तो ऐकत राहिला. मात्र एवढ्या वेळात त्याने एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी तिला त्याचाच राग आला. मग लक्षात आलं, त्याचे डोळे तिच्या मागच्या रानावरून हलतच नव्हते.

"माफी मांगाले नाई आलो, वयनी."

"देतही नाई," सुकरी म्हणाली.

ऊन वर येऊ लागलं होतं. वर्षभरात ती रानात कुणाकडे पाठ करून बसली नव्हती. दर मुठीला मान वर करून चारही बाजू बघायची, त्यामुळे मान भरून यायची. तिने पदराने डोळे पुसले, टोपली घेतली आणि चैतूकडे पाठ करून खाली वाकली.

टोपली अर्धी होईपर्यंत तिने मान वर केली नाही.