सहा आकडे, पाचच्या आत

अर्जदाराचे पूर्ण नाव (आवश्यक)

मैना भिकन गावित. पाचवी. स्नेहल मॅडम टाइप करत होत्या आणि मैना खुर्चीमागे उभी राहून आपलं नाव उमटताना बघत होती.

शाळेचा पत्ता (आवश्यक)

पेठच्या डोंगरातला पाडा. विजेचा खांब नाही, मोबाइलला रेंज नाही. शाळेच्या छपरावर दोन सोलर पॅनेल आणि एक पांढरी डिश. दोन वर्षं पंचायत समितीचे उंबरे झिजवून मॅडमनी हे नेट आणलं होतं. आज आभाळ भरलेलं. बॅटरी अकरा टक्के.

निवासी शाळेचे सहावीचे अर्ज पाचला बंद होणार होते. पाड्यावरची शाळा पाचवीपर्यंतच. अर्ज राहिला, की मैना बापामागून द्राक्षाच्या बागेत.

पालकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी (आवश्यक)

पालक दिंडोरीकडे, बागेत. फोन बटणांचा, त्यावर नेटचा कॉल जात नाही. म्हणून मॅडमनी टोळीचा मुकादम मनोज याच्या फोनवर कॉल लावला. त्यानं भिकनला वेलीखालून हाक मारून आणलं.

"भिकनभाऊ, मेसेज आलाय ना? मनोजला दाखवा, तो वाचेल."

"नाय दाखवणार."

"अहो, मैनाचा अर्ज—"

"तुम्हीच सांगलं ना मॅडम, मीटिंगला. कुणालाच दाखवायचा नाय. मी मागितला तरी नाय."

सांगितलं होतं. सगळ्या पालकांकडून तीनदा म्हणवूनही घेतलं होतं.

"आकडा हाय का नवी नवरी?" मनोज म्हणाला. "पदराखाली झाकून बसलाय."

मुदत संपली. पुन्हा पाठवा?

चार त्रेचाळीस. सात टक्के.

ओटीपी (आवश्यक)

मैनेनं मॅडमच्या हातातला फोन ओढून घेतला. "बा, त्याला नको दाखवू. मला सांग."

"मला वाचता येतं का, येडे?"

"दिसतं कसं, ते सांग."

बापानं आपला बटणांचा फोन डोळ्यांपाशी नेला. मग हळूच, मनोजकडे पाठ करून: "पयली काठी."

इंग्रजी एक.

"गाडगं. परत काठी. परत गाडगं."

मॅडम एकेक आकडा टाकत होत्या.

"गाडग्यावर गाडगं."

आठ.

"शेवटचं... बेडकाचं पिल्लू. शेपटीवालं."

"शेपूट वर का खाली?"

"वर. नाय, थांब. फोन कुठून धरायचा गं?"

मॅडमनी सहा टाकला.

चुकीचा ओटीपी.

त्यांनी सहा खोडला. पान गोल गोल फिरत राहिलं. चार टक्के. नऊ टाकला.

मुदत संपली. तीन प्रयत्न झाले. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

घड्याळात चार चोपन्न.

"लागला का?" तिकडून बाप विचारत होता. "मैना? लागला का गं?"

मैनेनं मॅडमकडे पाहिलं नाही.

"लागला, बा."

"बघ," भिकन मनोजला म्हणाला. "न दाखवता."

फोन कट झाला. मैना दप्तर भरायला लागली.

अर्ज सादर करा

बटण करडं पडलं होतं. मॅडम ते दाबत राहिल्या.