मास्तरने न उचललेला फोन

बँकेत त्याला सगळे मास्तर म्हणत. बँकेच्या नावाने येणारे खोटे मेल कसे ओळखायचे, हे ग्राहकांना शिकवण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते भलतंच आवडायचं. त्या दिवशीही समोर म्हातारेकोतारे खुर्च्या भरून बसले होते आणि मास्तर रंगात आला होता.

"पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचा. बँकेचं चित्र काय, कोणीही चिकटवतं. खातं आजच बंद होईल म्हणून जो घाई करतो, तो चोर समजा. शंका आली की आधी आम्हाला फोन करा!"

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. आईचा. पोटाला चिमटा काढून साठवलेल्या पैशांतून ती पुढच्या आठवड्यात कवळी बसवणार होती. मुलाचे पैसे तिला नको होते. सकाळपासून फोनवर तिचं कवळीचंच चाललं होतं, म्हणून त्याने फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

"अहो, उचला की," पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या.

"आई आहे. तिला रिमोट सापडत नसेल," तो म्हणाला. सगळे हसले.

चहाच्या वेळी त्याने फोन लावला.

"झालं रे काम," आई म्हणाली. "तुमच्या बँकेचा मेल आला होता, खातं आजच बंद होणार म्हणे. कार्डाचा नंबर टाकला, मग फोनवर आलेला कोड मागायला लागले. कोड कुणाला द्यायचा नाही असं तू बजावलं होतंस ना, म्हणून तुला विचारायला फोन करत होते."

"मग?"

"तू उचलेनास. म्हटलं, तुझ्याच बँकेची माणसं, आपण अडून बसलो तर तुलाच बोलणी बसायची. टाकला कोड."

चहा तसाच टाकून तो धावला. कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवली, पण तोवर खातं साफ झालं होतं.

कवळीचे पैसे त्यानेच भरले. आई या वेळी नको म्हणाली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. शिवाय कामाच्या वेळी तिचे फोन येणं बंद झालं. फोन कर म्हणून त्याने कितीदा सांगितलं, तरी ती नुसतं "बरं" म्हणायची.

पुढे एकदा असाच वर्ग भरलेला असताना फोन वाजला. मास्तर वाक्य अर्धवट सोडून म्हणाला, "बोल, आई."

"कामात आहेस का रे? रिमोट सापडत नाहीये."

"उशीखाली बघ," तो म्हणाला, आणि रिमोट सापडेपर्यंत फोन कानाला लावून सगळ्यांसमोर उभा राहिला.