बिनवस्तीचं बेट

सौंसरच्या तहसील कचेरीतले नक्कलनवीस रघुनाथराव तीन महिन्यांपासून एकाच प्रश्नाला उत्तर देऊन देऊन थकले होते. छप्पन्नच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूरचे कागद भोपाळला जाऊ लागले, आणि गावाने गृहीत धरलं की हे सगळं रघुनाथरावांना विचारूनच झालं असणार. भाजी घेताना विचारत, दाढी करताना विचारत. एकदा तर अंगाला साबण लावलेला असताना न्हाणीच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "बाबूजी, मंग आपन आता कोनीकडचे जी?"

म्हणून त्यांनी बेट निवडलं. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. वाहत्या पाण्याशी ओळख पांढुर्ण्याच्या जाम नदीपुरती. पण कचेरीतल्या एकाचा साळा मालवणला होता. त्याच्या ओळखीने आठ दिवसांसाठी शिडाची एक होडी ठरली. होडीवाल्याचं पत्र आलं: "होडीत सात माणसे बसतात. वाळू पांढरी आहे. गोडे पाणी सोबत घ्यावे. बेटावर वस्ती नाही."

शेवटचं वाक्य रघुनाथरावांनी तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

"तिथं तूही बोलायचं नाही," त्यांनी बायकोला बजावलं.

"इथं तरी कुठं बोलाले भेटते मले?" प्रेमलता म्हणाली. "ओट्यावर रांग असते तुमच्या."

त्या रांगेतूनच शेजारचा गुणवंता आला. संत्र्याची तोड सोडून आला होता.

"बाबूजी, होडी केली म्हन्ते तुमी."

"हो."

"त्या बेटावर देव कोन्ता?"

"देव नाही."

"सोयरे हायेत?"

"कोणीच नाही."

ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसा गुणवंता त्यांच्याकडे बघत राहिला. "देव नाही, सोयरे नाही. मंग कायले जाऊन राहिले जी? तब्येत बरी हाये ना? वहिनीले बलावू काय?"

आणखी एक गोष्ट समजावून सांगायचं त्राण रघुनाथरावांत उरलं नव्हतं. ते म्हणाले, "आहे एक मारुती."

"मंग सांगा ना तसं!" म्हणत गुणवंता उठला.

आपण काय करून बसलो, ते रघुनाथरावांना संध्याकाळी उमगलं. कोणी जामसांवलीच्या मारुतीला गाडी केली की तिच्यात गल्ली बसते. विचारायची पद्धत नाही, कारण नाही म्हणायची पद्धत नाही. होडी म्हणजे पाण्यातली गाडी. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाचही जागा भरल्या. तिसऱ्या दिवशी मोहगावहून गुणवंताच्या सासऱ्यांचा निरोप आला: जागेची काळजी नको, आपण शिडाच्या काठीला धरून उभे राहू.

निघायच्या सकाळी बसस्टँडवर अकरा माणसं होती. रघुनाथरावांनी पेटी खाली ठेवली. हात जोडले.

"तिथं मारुती नाही. मी खोटं बोललो. तिथं काहीच नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ही गल्ली गप्प झाली. रघुनाथरावांना वाटलं, सुटलो.

मग सत्तरीच्या पंचफुलाबाई पुढे आल्या. "एक बी देव नाही?"

"नाही."

"एवढ्या पान्यात, अन् देवाबिगर?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "कवापासून पडून हाये व माय ते बिचारं बेट!"

गुणवंता पळत सुटला, आणि पंधरा मिनिटांत आपल्या संत्र्याच्या बगीच्याच्या बांधावरचा एक दगड खांद्यावर घेऊन आला. शेंदूर-तेल पंचफुलाबाईंच्या पिशवीत होतंच. कंडक्टरने तोवर बस थांबवून धरली. शेंदूर लावून झाल्यावर त्याने, होडीत अजून एक जण मावेल काय, असं हळूच विचारून घेतलं.

"देव कोनाच्या मांडीवर?" गुणवंताच्या सासऱ्यांनी विचारलं.

"बाबूजीच्या. होडी त्याहिची हाये."

बस नागपूरच्या रस्त्याला लागली. मागच्या बाकांवर देवळाला पायऱ्या किती ठेवायच्या यावरून भांडण पेटलं. प्रेमलताही त्यात होती, आणि तिचं म्हणणं पाचाच्या बाजूने होतं. रघुनाथरावांनी दगड दोन्ही हातांनी धरला. तो थंड होता, जड होता, आणि एवढ्या माणसांत तो एकटाच काही विचारत नव्हता. त्यांनी त्याच्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. शेंदूर ओला होता. असू दे, म्हणाले.