भिमाआत्याची लंका

भिमाबाई श्रीलंकेहून परत आल्या आणि नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत लंकेचा विषय पुरता त्यांच्या ताब्यात गेला. विहाराच्या मंडळींबरोबर त्या अनुराधपूरला दर्शनाला गेल्या होत्या. डिझेल संपून बस अडकली, मंडळी घरोघरी वाटली गेली आणि भिमाबाईंना एका अनोळखी घरानं आठ दिवस सांभाळलं. दोन हजार बावीसचा जून होता तो, लंकेचं दिवाळं निघालेलं. टीव्हीवर लंका म्हणजे नुसती जाळपोळ आणि लुटालूट.

त्यांची भाची सृष्टी एका छोट्या दैनिकात बातमीदार. संपादक राकेश सरांनी मथळा आधीच ठरवला होता, 'लंकेच्या नरकातून नाशिकच्या आजीची सुटका'. आता फक्त बातमी आणायची बाकी होती. संपादक मंडळींची ही जुनीच खोड. सृष्टीनं मात्र आधी विचारून तर येते म्हणून सांगितलं. तिच्या नावानं छापून येणारा हा पहिलाच मोठा मजकूर होता, आणि तो खोटा निघाला असता तर जन्मभर सलला असता.

आत्या निघाल्या दुसऱ्या टोकाच्या. बुद्धाच्या देशात कशाची ददात नाही, माणसं सोन्यासारखी, घर भरलेलं, असं त्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवत तीनदा सांगितलं. पण त्यांच्याच मोबाइलमधल्या फोटोत त्या घरची सून अंगणात तीन दगड मांडून भात शिजवत होती. गॅस नव्हता का, असं विचारल्यावर आत्या म्हणाल्या, हौस असते एकेकाला.

सृष्टीला हसू आलं, पण ती हटली नाही. "आत्या, सर म्हणतात तिथं नरक आहे, तू म्हणतेस स्वर्ग. मी दोन्ही लिहिणार नाही. तिथं माणसं राहतात ना?"

आत्या रुसल्या. बराच वेळ धुतलेलीच बशी पुसत बसल्या. मग आपणहून बोलू लागल्या. भाषा कळत नव्हती, सगळा कारभार खुणांचा. रोज सकाळी सून त्यांना दुधाचा चहा द्यायची. निघायच्या दिवशी त्या कप ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या, तर घरातली तीन वर्षांची नात गुळाच्या खड्याबरोबर कोरा चहा पीत होती. दूधपावडरीचा डबा रिकामा होता. त्या डब्यासाठी घरधनी दिवसभर रांगेत उभा होता, हे तिथल्या हिंदी येणाऱ्या भंतेंनी नंतर सांगितलं.

"आठ दिवस त्या लेकराच्या वाटचं दूध मी प्याले," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

सृष्टीनं पेन खाली ठेवलं. या बाईपेक्षा तिला कुठलीही बातमी मोठी नव्हती. हे राहू दे, गॅसचं आणि रांगांचं तेवढं लिहिते, असं ती म्हणाली.

"नाय. लिही. माझं नाव घालून लिही," आत्या म्हणाल्या. "मला वाटत व्हतं, गप राहून मी त्यांची अब्रू राखते. त्यांच्या अब्रूला काय झालंय? मी माझीच राखत व्हते."