गिरणी गल्ली, ब्याण्णव टक्के

मित्रांनो, दवाखान्याच्या दारात उभं राहिलं की डाव्या हाताला जो कोपरे झिजलेला फळा दिसतो ना, तो मी. सुताराने मला शाळेसाठी बनवलं होतं. शाळेत नवे चकचकीत फळे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तापाची साथ आली नसती, तर आजही मी तिथेच धूळ खात पडलो असतो.

साथीत दवाखान्याला माझी आठवण झाली. माझ्यावर गावातल्या गल्ल्यांची नावं आली आणि प्रत्येकीसमोर, तिथल्या किती टक्के लोकांनी लस घेतली, तो आकडा. रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टर खडू घेऊन यायच्या. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. लोक थांबून वाचायचे आणि आपली गल्ली मागे असली, की गुपचूप सटकायचे. पुन्हा कामाला आलो म्हणून मी मनातून फार सुखावलो होतो.

सर्वांत पुढे होती गिरणी गल्ली. ब्याण्णव टक्के. आता हे कसं झालं ते ऐका. लसीचं शिबिर त्या गल्लीतल्या सभागृहात भरायचं, आणि दवाखान्याची पद्धत अशी, की सुई जिथे टोचली त्या गल्लीच्या नावावर ती जमा करायची. माणूस राहतो कुठे, हे कुणी विचारत नसे. रांगेत साऱ्या गावचे लोक असत. नसायचे ते गिरणीतले कामगार, कारण शिबिराच्या वेळी त्यांची पाळी चालू असे. "गिरणी गल्लीचं काम फत्ते," असं म्हणून डॉक्टरांनी शिबिर तिथून हलवलं.

सिस्टरचा थोरला भाऊ त्याच गिरणीत फिटर होता आणि त्याच गल्लीत राहायचा. एकदा पाळी सुटल्यावर तो जोडीदाराबरोबर माझ्यासमोर थांबला.

"बघ, आपली गल्ली पहिली," तो म्हणाला. "मला काही सवड मिळाली नाही. पण एवढ्या जणांनी घेतलीय म्हटल्यावर मी एकटा राहिलो म्हणून काय बिघडतंय?"

जोडीदार हसला. "माझंही तेच. म्हटलं, जाऊ दे."

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. भाऊ म्हणाला, "काय गं, पहिला नंबर दिलास, बक्षीस कुठंय?"

"फुकटचं मिरवू नकोस दादा. घरी जा, वहिनी वाट बघत असेल."

पुढे आणखी कामगार येऊन वाचून गेले. जो तो म्हणायचा, मी एकटाच राहिलो. हे सगळेच एकटे राहिलेले, मग ते ब्याण्णव कोण? पण फळ्याला वाचा कुठली?

ताप आधी गिरणी गल्लीतच शिरला. रुग्णवाहिका एकदा गेली, पुन्हा गेली, मग तिचा भोंगा थांबेचना. डॉक्टर माझ्यासमोर येऊन म्हणाले, "इथे कसा? इथे तर सगळ्यांनी..." माझ्यावर नवा रकाना आखला गेला, दगावलेल्यांचा. त्यात एक सिस्टरचा दादा होता.

रजेवरून परतल्या त्या दिवशी सिस्टरनी तळहाताने ब्याण्णव पुसून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, वरून साहेब बघायला यायचेत. राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. गिरणी गल्लीत त्या दारोदार विचारत फिरल्या आणि संध्याकाळी येऊन त्या जागी एकोणीस लिहिलं. अक्षर त्यांचं आहे असं वाटतच नव्हतं.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, उन्हापावसात टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण माझ्याकडे बघून निर्धास्त होऊ नका. जे लिहाल ते मी दाखवतो, खरं की खोटं ते मला सांगता येत नाही. घरी जा आणि आपल्या माणसाला सरळ विचारा, "तू लस घेतलीस का?" सिस्टर सुट्टीच्या दिवशी दादाकडेच जेवायला असायच्या. हे त्यांनी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.